काट्यावरची झोप

मुलांनो, यंत्रांच्या बिघाडाच्या दोन जाती असतात. सायकलची साखळी तुटली, की ती तुटलेलीच असते. कुणीही बसा, सकाळी बसा नाहीतर संध्याकाळी, सायकल पुढे जाणार नाही. हा झाला सरळमार्गी बिघाड. तो लपत नाही, म्हणून चटकन सापडतो.

दुसरी जात मात्र भारी बिलंदर! विहिरीवरची मोटर कधी पाणी ओढते, कधी नुसतीच घरघरते. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. आणि दुरुस्ती करणारे काका दारात आले, की सगळं कसं शहाण्या बाळासारखं सुरू होतं! "अहो, आत्ता तर बंद होतं," असं म्हणत आपण त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

'कधी कधी बंद पडतं,' असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणजे काय म्हणत असतो? 'का बंद पडतं ते आम्हांला ठाऊक नाही,' एवढंच! कारण ठाऊक नाही म्हणजे कारणच नाही, असं थोडंच आहे? पण कारण सापडलं नाही, की माणसं कुणाच्या तरी माथी खापर फोडून मोकळी होतात. आमच्या वर्गात असंच एक खापर एका मुलाच्या माथी फुटलं. ते खोटं होतं, हे दाखवता दाखवता मला संगणकाच्या पोटातली एक फार मजेची गोष्ट कळली. तीच आज तुम्हांला सांगते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात सोनई हे आमचं गाव. मी इथे प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. माझं शिक्षण डी.एड.चं. संगणकाचं शास्त्र मी कुठल्या कॉलेजात शिकलेले नाही; जे येतं ते खटपट करून आलेलं. सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला, की रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. बीड, पाथर्डीकडून तोडणीची कुटुंबं येतात. त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि त्यांची मुलं आमच्या शाळांत येऊन बसतात.

२०२३च्या हंगामात असाच एक मुलगा आमच्या वर्गात आला. त्याचं नाव काही मी सांगणार नाही. वर्षाच्या मध्येच आला, त्यामुळे हजेरीपटावर अगदी शेवटचा, एकोणिसावा. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, पण डोळे टकटकीत. आप्पांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, तो पहाटे उसाच्या गाडीवर बसून कारखान्यापर्यंत जाऊन यायचा आणि मग शाळेत यायचा.

वर्गात एक संगणक होता. पालकांनी वर्गणी काढून घेतलेला, जुना, मेमरी अवघी दोन जीबी. इतक्या जुन्या यंत्रावर बरं चालावं आणि पैसेही पडू नयेत, म्हणून त्यावर लिनक्स घातलेलं होतं. लिनक्स तुम्हांला माहीत असेल. पेंग्विनचं चित्र असतं ना, तेच! फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी. त्यानं १९९१ साली ते लिहायला घेतलं आणि सगळ्या जगाला वाचायला, दुरुस्त करायला खुलं करून टाकलं. आज त्याच्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि जगभरची माणसं त्यात भर घालत असतात. तुमच्या घरातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही हाच गाभा असतो.

इंटरनेटसाठी संगणकाच्या यूएसबीच्या खाचेत बोटाच्या पेराएवढा एक वाय-फाय डोंगल खोचायचा आणि माझ्या मोबाइलला जोडायचा. दर मंगळवारी आणि शनिवारी मुलं हजेरीच्या क्रमानं चार-चार मिनिटं बसायची. कुणी गुरूची कडी बघायचं, कुणी माळढोक पक्षी, कुणी चित्र काढायचं.

पहिल्या मंगळवारी तो मुलगा बसला आणि दोन मिनिटांत पडदा गोठला. बाण हलेना, कळा चालेनात. बटण दाबून बंद करावा लागला. शनिवारी पुन्हा त्याच्याच पाळीला गोठला. पुढच्या मंगळवारी तिसऱ्यांदा!

मग काय विचारता! "बाई, त्याला हात लावू देऊ नका," पोरं ओरडली. "त्यानं हात लावला की बंदच पडतो!" कुणीतरी घरून ऐकलेला शब्दही वर्गात आणला. पांढऱ्या पायाचा! तो मुलगा एवढंच म्हणाला, "म्या काहीच नाही केलं, बाई." शनिवारी त्याची पाळी आली, तर तो जागेवरून उठलाच नाही. म्हणाला, "मला नाही बघायचं." पालकांतही कुजबूज सुरू झाली. एवढ्या वर्गणीतून घेतलेली वस्तू, ती मोडायच्या आत कपाटात कुलूप लावून ठेवा, असं एक-दोघांनी सुचवलं.

कपाटात ठेवलेला संगणक कधीच बंद पडत नाही, हे खरं. पण मग त्या मुलाच्या पायाचा रंगही कायमचा ठरून गेला असता! मी एक शंभरपानी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, कुणाची पाळी, पडद्यावर काय काय उघडं होतं, डोंगल लावलेला होता का, आणि शेवटी, गोठला की नाही. गोठला नाही तरी नोंद करायचीच. हे फार महत्त्वाचं बरं का! बंद पडल्याच्याच नोंदी ठेवल्या, तर चालू असताना काय वेगळं होतं ते कसं कळणार?

दोन आठवड्यांत वही बोलायला लागली. एकदा शाळा सुटल्यावर मी एकटीच काम करत बसले होते, तेव्हाही संगणक गोठला. म्हणजे मुलगा जवळपास नसतानाही! आणि जेव्हा जेव्हा गोठला, तेव्हा तो बराच वेळ चालू होता आणि पडद्यावर ढीगभर खिडक्या उघड्या होत्या. प्रत्येक मूल आपलं पान उघडायचं. पुढच्याला घाई, मागचं कोण बंद करतंय!

मी वर्गाला म्हटलं, "उद्यापासून संगणकाची हजेरी उलटी. शेवटचा पहिला, पहिली शेवटची." त्या मुलाला कसंबसं उठवलं. तो बसला, चार मिनिटं आरामात बसला, शनीची आणि गुरूची चित्रं बघून उठला. काही झालं नाही. सतरा मुलं झाली. अठरावी मधेच घरी गेली होती. शेवटी हजेरीतली पहिली मुलगी बसली. हीच वर्गात नेहमी पहिली येणारी, वह्यांना कव्हरं घालणारी. आणि पडदा गोठला! वर्ग एकदम चिडीचूप झाला. हिच्या पायाला पांढरं म्हणायची कुणाची छाती होती?

म्हणजे बिघाड मुलात नव्हता, पाळीत होता. शेवटच्या पाळीपर्यंत मेमरी भरत यायची. पुढच्या वेळी प्रत्येकाच्या पाळीनंतर सगळ्या खिडक्या बंद केल्या. एकदाही गोठला नाही. मग खिडक्या भरपूर उघडल्या, पण डोंगल काढून ठेवला. संगणक गोगलगायीसारखा चालला, पण गोठला नाही. मेमरी भरलेली हवी आणि डोंगलही चालू हवा, दोन्ही एकत्र आले तरच घात! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पाळला म्हणून हे कळलं. दोन्ही एकदम बदलल्या असत्या, तर कोण गुन्हेगार आणि कोण साव, सांगता आलं नसतं.

आता प्रश्न होता, का?

माझा मावसभाऊ पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, गोठताना संगणक काहीतरी सांगून मरत असणार. पण चित्रांच्या पडद्यामुळे तुला ते दिसत नाही. मी सांगतो तशा कळा दाब आणि नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जा. मग मेमरी भरू दे, डोंगल चालू दे आणि मोबाइल घेऊन फोटो काढायला बस."

तसं केलं. वीस मिनिटांनी काळ्या पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडला आणि सगळं थांबलं. मी फोटो काढला. सगळ्यात वरची ओळ होती: 'बग: शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक'. खाली नावांची लांबलचक उतरंड. कुणी कुणाला कामाला लावलं, त्याला आधी कुणी लावलं, त्याच्या आधी कुणी. अगदी पोलिसपाटलाच्या जबाबासारखं!

ही ओळ समजायची तर तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. एकेक करून बघू.

पहिली, कर्नल. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो सगळ्या प्रोग्रॅमांना प्रोसेसर आणि मेमरी वाटून देतो. कर्नलला प्रत्येक यंत्राची भाषा येत नाही, म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाष्या ठेवावा लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. ट्रॅक्टरचा नव्हे हं! कर्नलमधल्या निम्म्याहून जास्त ओळी या दुभाष्यांच्याच असतात. यूएसबी आली १९९६ साली. ती घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या चमूत अजय भट्ट पुढे होते. ते आपल्या शेजारच्या बडोद्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पूर्वी छपाईयंत्राची तार वेगळी, माउसची वेगळी. यूएसबीनं सगळ्यांना एकच खाच दिली. पण दुभाष्या मात्र ज्याचा त्याला लागतोच. आमच्या डोंगलचा दुभाष्या लिनक्ससोबत आलेला नव्हता. डोंगल बनवणाऱ्यांनी तो वेगळा दिला होता.

दुसरी गोष्ट, झोप. संगणकात झोपणं म्हणजे आळस नव्हे! एखाद्या प्रोग्रॅमला हवी ती वस्तू लगेच मिळत नसेल, तर तो उगाच प्रोसेसर अडवून बसत नाही. तो कर्नलला सांगतो, 'मी झोपतो, माझी वस्तू आली की उठवा.' तेवढ्यात दुसऱ्याचं काम होतं. ही झोप चांगलीच. मात्र तिच्यासाठी झोपणाऱ्याचं नाव कर्नलच्या हजेरीपटावर असावं लागतं, नाहीतर त्याला उठवणार कोण?

तिसरी गोष्ट, ॲटॉमिक. अणूला इंग्रजीत ॲटम म्हणतात, म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो. (अणूचेही तुकडे होतात हे पुढे कळलं, पण शब्द तोच राहिला.) कर्नलमधली काही कामं अशी अणूसारखी असतात. एकदा हात घातला की पूर्ण करूनच उठायचं, मध्ये झोपायचं नाही. समजा, मी फळ्यावर गणित सोडवते आहे आणि दारात टपालवाले काका आले. मी खडू हातात धरूनच जाते, पत्र घेते, टेबलावर ठेवते आणि परत येते. सगळा वर्ग तोवर थांबलेला असतो. डोंगलमधून माहितीचं पाकीट आलं की कर्नल हेच करतो. चालू काम जिथल्या तिथे थांबवतो, ड्रायव्हरमधल्या एका छोट्या कामगाराला बोलावतो, तो पाकीट घेतो आणि निघतो. या कामगाराचं हजेरीपटावर नाव नसतं. तो दुसऱ्याच्या वेळात, दुसऱ्याच्या जागेवर उभा असतो. त्यानं झोपून कसं चालेल? लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत यूएसबीच्या प्रकरणात या कामगाराला उद्देशून ठळक मोठ्या अक्षरांत ताकीदच आहे, की कधीही झोपू नका.

कुलुपांचंही असंच. आमच्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची जुनी रीत आहे. कर्नलला मात्र कुलुपाशिवाय चालत नाही! एकाच वस्तूवर दोघांनी एकदम हात घालू नये, म्हणून कुलपं असतात. त्यातल्या एका जातीच्या कुलपाबाहेर थांबणारा झोपत नाही. 'झालं का? झालं का?' करत दारातच घुटमळत राहतो. असं कुलूप ज्याच्या हातात आहे, त्यानंही झोपायचं नसतं. तो झोपला, की दारातले सगळे घुटमळतच राहणार!

'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक' म्हणजे, जिथे झोपायचं नाही तिथे कुणीतरी झोपायला निघालं.

हे सगळं मी वर्गात सांगत होते. मुलं ऐकत होती, पण चेहऱ्यावर प्रश्नचिन्हं! तेवढ्यात मागून आवाज आला. तोच मुलगा. वर्गात आपणहून बोलण्याची त्याची पहिलीच वेळ.

"बाई, म्हणजे काट्यावर गाडी उभी करून झोपल्यासारखं का?"

"कसल्या काट्यावर?" पुढची मुलं हसली. त्यांना बाभळीचा काटा आठवला.

"वजनकाट्यावर," तो म्हणाला. "कारखान्यात यार्डात नंबर लागतो. तिथं समदे झोपतात. आमचे आप्पा गाडीखालीच झोपतात. नंबर आला की उठवतात. पण एकदा गाडी काट्यावर चढली, की झोपायचं नसतं. मागं पन्नास गाड्या खोळंबत्यात!"

मुलांनो, खरं सांगते, याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं! यार्डातली झोप चालते, कारण तिथे नंबर आहे आणि उठवणारा आहे. काट्यावरची झोप चालत नाही. मी त्याला विचारलं, "पण काट्यावर जाऊन मुद्दाम कोण झोपेल रे?"

तो विचार करून म्हणाला, "मुद्दाम नाही. पण काट्यावर गाडी ठेवून कुणी पावतीचं कोरं पुस्तक मागायला गेला, आन ते संपलेलं असलं तर? नवं येईस्तोवर थांबावं लागंल."

"आणि पुस्तक संपलेलं नसलं तर?"

"मग कळतच नाही! लगेच मिळतंय की."

मुलगा काय बोलून गेला, हे त्या रात्री मावसभावाशी बोलताना मला कळलं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची चूक नेमकी हीच होती!

डोंगलचा ड्रायव्हर कुणालाही वाचता येईल असा होता. फोटोतली नावांची उतरंड धरून आम्ही फोनवरच एकेक पायरी खाली उतरलो. आलेलं पाकीट ठेवायला त्या छोट्या कामगाराला मेमरीत जागा लागते. कर्नलकडे जागा मागताना सोबत एक शब्द सांगावा लागतो. एक शब्द आहे 'जीएफपी कर्नल'. त्याचा अर्थ, 'जागा द्या. नसेल तर करून द्या, तोवर मी झोपेन.' दुसरा आहे 'जीएफपी ॲटॉमिक'. त्याचा अर्थ, 'असेल तर आत्ता द्या, नसेल तर नाही म्हणा. मला थांबता येणार नाही.' अशा घाईच्या मागण्यांसाठी कर्नल थोडी मेमरी राखूनही ठेवतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये काट्यावर उभं राहून पहिला शब्द वापरला होता!

मेमरी मोकळी असेपर्यंत काहीच बिघडत नव्हतं. मागितली की मिळायची, झोपायची वेळच यायची नाही. मेमरी भरत आली, की जागा करून देण्यासाठी थांबावं लागायचं, आणि काट्यावरच झोप लागायची.

तरी मावसभाऊ म्हणाला, "ताई, अजून हा आपला अंदाज आहे. पुरावा पाहिजे." कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो. जे जे काम झोपू शकतं, ते सुरू होतानाच तो विचारतो, 'तू आत्ता उभा कुठे आहेस?' प्रत्यक्ष झोप लागो न लागो, जागा चुकीची असली की ओरडतो. या पहाऱ्यानं संगणक थोडा हळू होतो, म्हणून एरवी तो बहुधा बंद ठेवतात. भावानं पहारा चालू केलेला कर्नल बनवून पाठवला. आम्ही तो घातला. एकही खिडकी उघडी नव्हती, मेमरी मोकळी होती. डोंगल खोचला आणि पहिल्याच मिनिटाला ओळ उमटली: 'बग: स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड काँटेक्स्ट'. म्हणजे, झोपू शकणारं काम नको त्या जागेवरून बोलावलं गेलंय.

पहिल्याच मिनिटाला! म्हणजे पहिल्या मुलीच्या पाळीतही ती चूक घडत होती, दुसऱ्याच्याही, दहाव्याच्याही, शेकडो वेळा. चूक सगळ्यांच्या पाळीत होत होती. नडत होती फक्त शेवटच्याच्या पाळीत. आणि शेवटी कोण बसतो? जो उशिरा आला, ज्याचं नाव सगळ्यात खाली आहे, तो.

दुसऱ्या दिवशी हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. स्पष्टीकरण काही दिलं नाही. मुलं ते वाचत बसली. मग ज्यानं 'पांढऱ्या पायाचा' हा शब्द आणला होता, तोच उठला आणि त्या मुलाशेजारी जाऊन बसला. म्हणाला, "काट्यावर किती वजन भरतं रे एका गाडीचं?" मधल्या सुट्टीपर्यंत दोघांचं उसाच्या मोळ्यांवर बोलणं चाललं होतं.

दुरुस्ती किती? एक शब्द! 'कर्नल' खोडून तिथे 'ॲटॉमिक'. पण थांबा, एवढ्यानं भागत नाही. नवा शब्द वापरला, की कर्नल कधीतरी 'जागा नाही' म्हणणार. ते उत्तर ऐकून घेण्याची तयारी हवी. नाहीतर जागा मिळालीच असं समजून ड्रायव्हर पाकीट हवेत ठेवायचा आणि संगणक नव्या पद्धतीनं कोसळायचा! म्हणून भावानं दोन ओळी वाढवल्या. जागा नसेल तर ते पाकीट सोडून द्यायचं. आपण उघडतो ती पानं अशा रीतीनं येतात, की हरवलेलं पाकीट पलीकडचा संगणक पुन्हा पाठवतो. काम फारच लांबण असेल, तर तिसरा उपाय असतो: काट्यावर न करता वहीत टिपून ठेवायचं आणि नंतर यार्डात, म्हणजे झोप चालते अशा जागी, करायचं.

दुरुस्त ड्रायव्हर घालून पहारा चालूच ठेवला. महिनाभर दर मंगळवारी, शनिवारी हजेरी कधी सरळ, कधी उलटी घेतली. मुद्दाम खिडक्यांचा ढीग केला. संगणक हळू झाला, पण एकदाही गोठला नाही, पहारेकरीही ओरडला नाही. शेवटच्या नोंदी त्या मुलानंच लिहिल्या, सुवाच्य अक्षरात. दुरुस्ती आम्ही डोंगलवाल्यांनाही कळवून टाकली. हंगाम संपला, कोप्या उठल्या, तो मुलगा गावी गेला. जाताना संगणकावर त्यानं काढलेलं चित्र कागदावर छापून घेऊन गेला: वजनकाटा, त्यावर गाडी आणि गाडीवान टक्क जागा!

मुलांनो, ही चूक काही एकट्या आमच्या डोंगलची नव्हती. २०१८ साली चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठातल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी एक प्रोग्रॅम तयार केला. तो संगणक न चालवता नुसतं लिखाण वाचून अशा झोपा शोधतो. लिनक्स आणि तसल्याच आणखी दोन कर्नलांत मिळून त्यांना चारशेहून अधिक नव्या चुका सापडल्या! मोठमोठ्या हुशार माणसांनी लिहिलेलं आणि वर्षानुवर्षं चालत असलेलं लिखाण होतं ते. चालत होतं, कारण पावतीचं पुस्तक बहुतेक वेळा संपलेलं नसायचं.

आणि अशी 'कधी कधी'ची कोडी मंगळावरसुद्धा पोचतात. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कारण आपल्या गोष्टीच्या चुलतभावासारखंच! एका कमी महत्त्वाच्या कामाच्या हातात कुलूप असायचं, मध्येच दुसरी कामं घुसायची आणि सगळ्यात महत्त्वाचं काम दारात खोळंबायचं. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असं एखाद-दोनदा झालं होतं, पण कारण हाती लागलं नव्हतं. शेवटी शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर तसाच संगणक मांडला, तो बिघाड मुद्दाम घडवून आणला, कारण शोधलं आणि दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली. बघा, त्यांनीही आपल्यासारखंच केलं. आधी बिघाड पुन्हा घडवून आणला, मग त्याला पकडलं.

तुमच्या घरीही एखादं 'कधी कधी' असेलच. कधी कधी नळाला पाणी येत नाही, कधी कधी सायकलची घंटी वाजत नाही, कधी कधी धाकट्या भावाचं पोट दुखतं. तर एक वही घ्या. झालं तेही लिहा, नाही झालं तेही लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम उलटा करून बघा. यंत्र काही सांगत असेल, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. समजलं नाही तर लिहून ठेवा आणि जाणत्याला विचारा. आणि वही भरेपर्यंत कुणाच्याही पायाचा रंग ठरवू नका!

पालकांनाही एक विनंती आहे. शाळेतला संगणक बंद पडला, तर तो कपाटात ठेवायला सांगू नका. तो का बंद पडला, हे मुलांनाच शोधू द्या. त्याच्या किमतीहून मोठं काहीतरी त्यांना त्या शोधात मिळून जाईल.